चार करडी पिल्लं

मी गाड्या रंगवणारा माणूस. साप आमच्या घराण्यात कुणी पाळला नव्हता. दिसला की काठी शोधायची, एवढाच आमचा आणि त्याचा संबंध. पण जेद्दाच्या बाहेर, वर्कशॉपांच्या गल्ल्या संपतात तिथून पुढे माझ्या कफीलचा, म्हणजे ज्याच्या व्हिशावर मी आहे त्या मालकाचा, इस्तिराहा आहे. इस्तिराहा म्हणजे सुट्टीला येऊन बसायची वाडी. खजुराची झाडं, पोहायचा हौद, गालिचे अंथरलेली बैठक. त्या वाडीच्या मागच्या खोलीत बारा महिने एसी चालू असतो आणि भिंतीला लावलेल्या फळ्यांवर प्लास्टिकच्या डब्यांतून साप असतात. कॉर्न स्नेक. अमेरिकेकडची जात, विष नाही, अंगावर चट्टे. कुणाला ससाण्यांचा शौक, कुणाला उंटांचा, याला हा.

मी तिथे कसा पोचलो, तर एका गाडीच्या दरवाजामुळे. कफीलच्याच वर्कशॉपात मी पेंटर. एक करडी गाडी आली होती, आणि कंपनीच्या कोडप्रमाणे रंग मिसळला तरी दरवाजा वेगळा दिसत होता. सगळे डोकं खाजवत बसले. मी दरवाजा उन्हात नेला, डोळे बारीक केले आणि म्हटलं, यात जांभळ्याचा एक थेंब कमी आहे. थेंब टाकला, मारला, जुळला. कफील मागे उभा राहून बघत होता. "पेंटर, तुम्हारा आँख मुझे दे दो," तो हसत म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचे दोन तास माझी नेमणूक सापांच्या खोलीत झाली. विचारलं कोणी? इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहायच्या परवान्यावर, मी त्याच्या घरचा ड्रायव्हर आहे. घरकामाचा इकामा असला की माणूस पुरता कफीलच्या मुठीत असतो. गावाला जायचा परवाना तो त्याच्या मोबाइलवरून काढणार तेव्हा आपण विमानात बसणार.

त्या खोलीत आधीपासून एक माणूस होता. इकाम्यावर माळी, कामाला सापांचा दाई. त्याला मी भाई म्हणायचो, तो मला पेंटर म्हणायचा. भाई आमच्याच रत्नागिरीकडचा. माझ्या गावच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे त्याच्या गावची मशीद दिसते, तरीने पाच मिनिटं. आणि आमची ओळख व्हायला दोघांनाही समुद्र ओलांडावा लागला. भाई सापाला कधी साप म्हणायचा नाही. नऊ वर्षं तेच काम, हाताने उचलायचा, उंदराची पिल्लं भरवायचा, पण तोंडाने 'जनावर'. मी म्हणायचो, "मेल्या, ते इंग्रजी साप आहेत, त्यांना मराठी कुठे कळतंय?" तो म्हणायचा, "कळत नसेल तर चांगलंच. कळत असेल तर?"

रंगांचं मला पटकन कळलं, कारण ते आमच्याच धंद्यासारखं आहे. साधा कॉर्न स्नेक म्हणजे नारिंगी, लाल, काळा, तिन्ही रंग मारलेला. त्यातला काळा काढून टाका, राहतो तो एमेल, लालभडक डोळ्यांचा. लाल काढून टाका, राहतो तो अनेरी, करडा. दोन्ही काढा, तर पांढरट गुलाबी स्नो. आणि लव्हेंडर म्हणजे करड्यात जांभळट झाक, डोळ्यात टॉर्च मारला तर आत माणकासारखी लाली. हा कफीलला हवा होता. त्याच्या एका चुलत भावाकडे होता आणि याच्याकडे नव्हता, बस, एवढंच कारण.

आता मुद्द्याचं सांगतो. वर्षाला आम्हा दोघांपैकी एकालाच रजा. दुसऱ्याने खोली सांभाळायची. सलग चार वर्षं गणपतीच्या दिवसांत माझा नंबर लागला नव्हता. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. चार वर्षं मी आरत्या फोनवर ऐकल्या, आणि फोन धरणारा पुतण्या मधेच दुसरीकडे बघायला लागला की मला गणपतीऐवजी छताचा पंखा दिसायचा. मी पार पिसाळलो होतो. आणि त्याच वर्षी भाईच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. आई नाही तिला, आजीने वाढवलेली. तारीख नेमकी गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची.

आम्ही दोघांनी रजा मागितली. एखादा माणूस म्हणाला असता, मुलीचं लग्न आहे, तो जाईल. आमच्या कफीलला तसं सरळ काही आवडायचं नाही. वाईट माणूस नव्हता. ईदला कपडे करायचा, आजारी पडलो तर स्वतः गाडीत घालून दवाखान्यात न्यायचा. पण गंमत बघायची खोड. त्या जूनमध्ये एका मादीने चौदा अंडी घातली होती. आईबाप दोन्ही दिसायला साधे नारिंगी, पण भाईने ती जोडी मुद्दाम लावली होती. त्याचं म्हणणं, विकणाऱ्याने सांगितलंय, दोघांच्याही आजोबा-पणजोबांत लव्हेंडर होऊन गेलाय, तेव्हा पिल्लांत उतरेल. कफीलने बैठकीत आम्हाला समोर बसवलं, स्वतःच्या हाताने गावा, म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी, ओतला आणि निकाल दिला. अंड्यांतून एक जरी लव्हेंडर निघालं तर भाई जाईल मुलीच्या लग्नाला. नाही निघालं तर पेंटर जाईल त्याच्या देवाला. आणि लव्हेंडर आहे की नाही ते सांगणार कोण? "पेंटर. आँख उसका है," तो म्हणाला आणि मांडीवर थाप मारून हसला. ज्याचा फायदा त्यालाच पंच केलं. त्याला हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता.

भाईला मात्र यात काही वावगं दिसलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "बरं झालं, घरचाच माणूस बघणार." मला त्याचा राग आला. खरंच सांगतो, त्याच्या त्या विश्वासाचा मला संताप यायचा.

दोन महिने भाईने ती अंडी पोटच्या पोरासारखी जपली. रोज झाकण उघडून ओल बघायचा, थर्मामीटर बघायचा, फुंकर घालायचा. तीन अंडी खराब झाली, बुरशी धरली, तेव्हा त्याचं तोंड उतरलं. मी टोमणा मारला, "जांभळी तीच असणार बघ." तो हसला. मुलगी रोज फोन करून विचारायची, अब्बा, अंडी फुटली का? सगळ्या गावात ती बातमी झाली होती. तिकडे मंडप ठरत होता, आणि नवरीचा बाप येणार की नाही ते जेद्दातल्या एका डब्यात ठरणार होतं.

ऑगस्टमध्ये अंडी फुटली. पिल्लू दाताने अंड्याला चीर पाडतं, तोंड बाहेर काढतं आणि दिवसभर तसंच बसून राहतं. घाई नाही त्याला. दुसऱ्या दिवशी अकरा पिल्लं बाहेर आली, पेन्सिलीपेक्षा बारीक, अंड्यातल्या चिकट पाण्याने ओली. सात साधी. चार करडी.

कफील आला, खुर्ची ओढून बसला. "यल्ला, पेंटर, बोलो."

मी चारही करडी पिल्लं ट्यूबलाइटखाली एकेक करून उचलली. आता ऐका. पेंटरच्या धंद्यात पहिला धडा हा, की ओल्या रंगावर बोलायचं नाही. मारलेला रंग वाळू दे, मग उन्हात ने, मग बोल. साप तर त्याहून कठीण. पहिली कात टाकेपर्यंत अनेरी आणि लव्हेंडर जुळे भाऊ दिसतात. हे मला ठाऊक होतं. पण माझी सगळ्या वर्कशॉपात ख्याती काय, तर पेंटर ओल्यावरून सुका सांगतो. तीस वर्षं मी त्याच तोऱ्यात काढली होती. मी टॉर्च मारला न मारल्यासारखा केला आणि म्हणालो, "चारो अनेरी."

"मिया मिया?" कफीलने विचारलं. शंभर टक्के?

"मिया मिया."

त्या दिवशी मी खोटं बोललो नाही. मला ती चारही करडीच दिसली. पण मला जांभळं दिसायला नको होतं, हेही तितकंच खरं आहे.

"पेंटर, घाई नको करू रे," भाई म्हणाला. "कात टाकू दे त्यांना. आठ-दहा दिवसांचा सवाल."

मला राग आला. "मला शिकवतोस? तू उंदीर भरवतोस, ते भरव. रंगात मला अक्कल शिकवू नको."

त्याचे कान लाल झाले. कफीलला भारी मजा वाटली. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे माझा परवाना काढला. जायचा-यायचा, दोन महिन्यांचा. भाईला म्हणाला, ठीक आहे, कात टाकेपर्यंत ठेव तुझी करडी. मग काळ्याला घालून टाका, करडे माझ्याकडे पुष्कळ आहेत. काळा म्हणजे त्याचा किंग स्नेक. डांबरासारखा काळा, आणि दुसरे साप खाणारा. नको असलेली पिल्लं त्यालाच जायची. ते काम मीच करायचो, कारण भाईच्याने व्हायचं नाही.

ते नऊ दिवस भाई माझ्याशी नेहमीसारखाच वागला. माझ्यासाठी चहा ठेवायचा, माझी वर्कशॉपातली कापडं स्वतःच्या कापडांबरोबर मशीनला लावायचा. फक्त खोलीत आला की आधी ते चार डबे उघडायचा. सहाव्या दिवशी पिल्लांचे डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात जवळ आली. भाईने मुलीला फोन करून सांगितलं, अजून एक चान्स आहे, दुआ कर. मी बाजूलाच बॅग भरत होतो. मनात म्हटलं, कर बाई दुआ, बघू कुणाचा देव जिंकतो. असा विचार मी केला. लाज वाटली पाहिजे होती, पण वाटली नाही.

शुक्रवारी भाई जुम्म्याच्या नमाजाला गेला. तिथून तो येताना हॉटेलातून दोघांचं जेवण आणायचा, म्हणजे दीड-दोन तास गेले. वर्कशॉप बंद. मी खोलीत एकटा. पहिला डबा उघडला, तर कात पडलेली, कागदाच्या भेंडोळीसारखी. चारही डब्यांत तेच. पिल्लं नवी कोरी होऊन बसली होती.

मी डबे उचलून दाराशी नेले. बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, भट्टी पेटलेली, पिल्लं मेली असती. पण दार जरा उघडलं तर उन्हाचा पट्टा आत येतो, तेवढ्यात धरली.

दोन करडी होती. साफ करडी, काळ्या चट्ट्यांची.

दोन करडी नव्हती. त्यांच्या अंगात तोच थेंब होता, जो मी त्या गाडीच्या दरवाजात टाकला होता. आंधळ्यालाही दिसला असता. टॉर्च मारला, डोळे आतून लाल पेटले. एक नाही, दोन-दोन लव्हेंडर. भाईने जोडी बरोबर लावली होती.

हातात ती दोन पिल्लं, बोटांना वेटोळं घालून बसलेली. माझं तिकीट रविवारचं होतं. परवाना काय, कफीलने बोट फिरवलं असतं तर रद्द झाला असता आणि भाईच्या नावावर निघाला असता. सगळं अजून होण्यासारखं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, माझं चुकलं. वर्कशॉपात हसले असते. म्हणाले असते, पेंटर फसला. आणि पाचव्या वर्षीही मी फोनमध्ये पंखा बघितला असता.

मी काळ्याचा डबा उघडला आणि दोन्ही पिल्लं आत सोडली.

त्याने पहिलं लगेच धरलं. दुसरं कोपऱ्यात जाऊन शेपटी थरथरवत फुत्कारलं, बोटभर जीव, पण हल्ल्याच्या पवित्र्यात. मी झाकण लावलं नाही. बघत उभा राहिलो, तेही संपेपर्यंत. मनात काय होतं म्हणाल, तर एकच: भाई यायच्या आत उरक रे बाबा.

भाई आला तो धावतच. जेवणाची पिशवी ठेवली नाही, आधी डब्यांकडे. "टाकली कात?"

"टाकली. अनेरीच आहेत, सांगितलं होतं ना." मी उरलेली दोन त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली, दारात नेली, उलटीपालटी केली. बराच वेळ बघितली.

"आणि दोन?"

"काळ्याला दिली. साहेबाने सांगितलं होतं ना, कात टाकली की द्या म्हणून."

"मला बघायची होती रे," तो म्हणाला. "चारही बघायची होती."

"चारही सारखीच होती. काय बघणार होतास?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही नजर खाली घातली नाही, मला जमलं ते. मग त्याने विचारलं, "उन्हात बघितलीस?"

"बघितली."

"मग झालं," भाई म्हणाला. "तू बघितलीस म्हणजे बघितलीस." आणि जेवणाची पिशवी उघडली. माझ्या वाटच्या भातावर मटणाचा मोठा तुकडा ठेवला, आता गावाला चाललाय म्हणून. स्वतः चार घास खाऊन उठला. तोंड धुतो म्हणून बाहेर गेला, नळ सोडला, आणि नळाच्या आवाजात रडला. मी आत बसून ऐकत होतो. उठून जाणं एवढंच करायचं होतं. नाही गेलो.

रविवारी त्याने मला एक बॅग दिली. मुलीचे कपडे, अत्तर, नवऱ्यामुलाला घड्याळ. आणि एक काम दिलं, की निकाहच्या वेळी फोन तू धर. "गावातले धरतात तर हलवतात," तो म्हणाला. "तुझा हात स्थिर."

गणपतीत मला मजा आली, खोटं कशाला बोलू. आरतीला माझा आवाज सगळ्यांच्या वर. मोदक खाल्ले, भजनात टाळ कुटले, विसर्जनाला पाण्यात छातीपर्यंत गेलो. भावजय म्हणाली, "भावोजी, तुमच्याशिवाय शोभा नव्हती हो." चार वर्षांची भूक भागली. मध्येच एकदा वाटलं होतं, आता काहीतरी खटकेल, घास अडकेल. काही अडकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तरीने पलीकडे गेलो. सगळं गाव मला ओळखत होतं, जेद्दाहून आलेला, भाईचा जोडीदार. हाताला धरून पुढे नेलं. मी फोन लावला. भाई सापांच्या खोलीत बसला होता, तिथे नेट चांगलं मिळतं. नवीन सदरा, केसांना तेल, मागे डब्यांची फळी. निकाह होईपर्यंत मी फोन धरून उभा राहिलो. हात हलला नाही. मौलवींनी मुलाकडून कबूल करून घेतलं तेव्हा भाईने दोन्ही हात तोंडावर फिरवले आणि काही वेळ फोनमध्ये नुसतं त्याचं डोकं दिसत होतं.

मग आजीने मला आतल्या खोलीच्या दाराशी बोलावलं. मुलीला बापाशी बोलायचं होतं. हिरवा शालू, हाताला मेंदी, रडून डोळे सुजलेले. ती आधी बापाशी बोलली. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"काका, एक विचारू? त्यात खरंच एकपण नव्हतं का हो? एखादं तरी?"

फोन माझ्याच हातात होता. भाई ऐकत होता.

"नाही गं बाय," मी म्हणालो. "एकपण नव्हतं."

तिने मान हलवली. "तुम्ही तरी काय करणार," ती म्हणाली. "रंग काय आपल्या हातात असतो?"

"अगं, त्याला कशाला विचारतेस आता," फोनमधून भाई म्हणाला. "पाहुणा आहे, आधी जेवायला बसव."

गणपती गेले होते, तेव्हा मटणाला आडकाठी नव्हती. मला मांडवात मानाच्या जागी बसवलं. आजीने फोन माझ्यासमोर तांब्याला टेकून उभा केला, म्हणजे भाईलाही पंगतीत बसल्यासारखं वाटेल. वाढणारे आले, पुलाव, दालचा, वर तांदळाचं सांदण. मला सडकून भूक लागली होती. मी खात होतो आणि भाई बघत होता. ताट रिकामं होत आलं तसा तो म्हणाला, "लाजू नको पेंटर, आपलंच घर आहे. आणि घे."

मी आणि घेतलं.